वाचकांचे प्रश्न : सायकलच्या दिव्याचा उजेड घरच्या घरी कसा मोजावा?

सायकलच्या दिव्यांविषयी आलेली पाच पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. ती सगळी कोकण किनारपट्टीतून आलेली असून त्यांतील विषय एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे पहिल्या उत्तरात जे सविस्तर सांगितले आहे ते पुढच्या उत्तरांत पुन्हा सांगितलेले नाही.

प्रश्न : माझे दुकान शृंगारतळीला आहे. रात्री दुकान बंद करून मी सायकलने घरी जातो आणि वाटेत विजेचे खांब तुरळक आहेत. मी ऑनलाइन दोन दिवे मागवले. एकाच्या खोक्यावर १००० ल्युमेन आणि दुसऱ्याच्या खोक्यावर ४०० ल्युमेन असे छापलेले आहे, पण रस्त्यावर ४०० वालाच दिवा लांबचे दाखवतो. यातला कोणता आकडा खोटा आहे हे घरी तपासता येईल का? माझ्याकडे मोबाइलखेरीज दुसरे साधन नाही. (एक वाचक, गुहागर तालुका)

उत्तर : दोन्ही आकडे खरे असले तरीही आपल्याला आला तोच अनुभव येऊ शकतो. ल्युमेन हे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप आहे, लक्स हे एखाद्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला प्रत्यक्ष पडलेल्या उजेडाचे, आणि कँडेला हे दिवा एका ठरावीक दिशेला किती जोराने उजेड फेकतो त्याचे. पोफळीच्या बागेत शिंपण करताना पाइपच्या तोंडावर अंगठा धरला की तेवढेच पाणी लांबच्या झाडापर्यंत जाते, तसे दिव्यातले भिंग किंवा परावर्तक तेवढाच उजेड अरुंद झोतात गोळा करून दूर पोचवते. ज्या दिव्याचा झोत रुंद आणि गोल असतो त्याचा बराचसा उजेड रस्त्याऐवजी गडग्यावर, झाडांच्या शेंड्यांवर आणि आभाळात जातो. तेव्हा आपल्याला दोन वेगळी मापे घ्यावी लागतील : एक झोताच्या जोराचे आणि दुसरे एकूण उजेडाचे.

त्याआधी एक पडताळणी कागद-पेन्सिलीने होते. दिव्यातील बॅटरीवर किंवा माहितीपत्रकावर तिची क्षमता मिलिअँपिअर-तासांत दिलेली असते. समजा ती १२०० आहे आणि बॅटरी ३.७ व्होल्टची आहे, तर तिच्यात सुमारे ४.४ वॉट-तास एवढी ऊर्जा साठते. आजच्या चांगल्या एलईडीला एका वॉटमागे साधारण १०० ते १५० ल्युमेन मिळतात. १२० धरले तर १००० ल्युमेनसाठी आठ वॉटच्या वर शक्ती लागेल आणि ही बॅटरी जेमतेम अर्धा तास पुरेल. अशा दिव्याच्या खोक्यावर १००० ल्युमेन आणि चार तास हे दोन्ही दावे शेजारी शेजारी असतील, तर दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. मला वाटते की दिवा विकत घेण्यापूर्वी प्रत्येकाने एवढे गणित करावेच, कारण त्यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही.

आता झोताचा जोर. बहुतेक अँड्रॉइड मोबाइलमध्ये पडद्याच्या वरच्या कडेला, पुढच्या कॅमेऱ्याजवळ, उजेड ओळखणारा सेन्सर असतो आणि त्याचे वाचन लक्समध्ये दाखवणारी अ‍ॅप फुकट मिळतात. आयफोनवरील अ‍ॅपना हा सेन्सर थेट वाचता येत नाही, ती कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात, म्हणून या कामासाठी अँड्रॉइड मोबाइल घ्यावा. सेन्सर नेमका कुठे आहे ते शोधण्यासाठी खोलीतील दिवा चालू ठेवून करंगळीचे टोक पडद्याच्या वरच्या कडेवरून हळूहळू सरकवावे. ज्या जागी आकडा एकदम पडतो ती जागा सेन्सरची. काही मोबाइलमध्ये सेन्सर पडद्याखाली असतो आणि पडद्याचाच उजेड त्यात मिसळतो, त्यामुळे पडद्याची प्रखरता सर्वांत कमी ठेवावी.

घरासमोरच्या खळ्यात किंवा लांब पडवीत, अंधार पडल्यावर आणि बाहेरचे दिवे मालवून, सायकलचा दिवा स्टुलावर पक्का बांधावा आणि त्याच्यापासून मोजपट्टीने बरोबर ५ मीटरवर मोबाइल दिव्याकडे तोंड करून उभा धरावा. मोबाइल वर-खाली, डावी-उजवीकडे सावकाश फिरवून सर्वांत मोठा आकडा टिपावा, मग दिवा बंद करून त्याच जागेचा आकडा घ्यावा आणि तो पहिल्यातून वजा करावा. उरलेल्या लक्सला अंतराच्या वर्गाने, म्हणजे येथे २५ ने, गुणले की कँडेला मिळतात. ६० लक्स आले तर १५०० कँडेला झाले, आणि त्याच दिव्याचे १० मीटरवरील वाचन १५ लक्सच्या आसपास यायला हवे. ते तसे आले तर आपली मांडणी ठीक आहे. दिव्याच्या फार जवळ, हातभर अंतरावर, हे वर्गाचे गणित लागू पडत नाही, कारण तिथे भिंगातून निघालेला झोत अजून पुरता फाकलेला नसतो. दिव्याची फेक छापताना हातातल्या टॉर्चच्या प्रचलित एफएल-१ या मानकात झोताचा उजेड ०.२५ लक्सपर्यंत उतरतो ते अंतर धरतात, आणि ते कँडेलाच्या वर्गमुळाच्या दुप्पट मीटर येते. १५०० कँडेलाच्या दिव्याला म्हणून सुमारे ७७ मीटर मिळतील. स्वच्छ पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड साधारण याच पातळीचा असतो, तेव्हा त्या अंतरावरचा खड्डा चालत्या सायकलवरून दिसेलच असे मानू नये.

एकूण उजेडासाठी प्रयोगशाळेत आतून पांढरा लेप दिलेला पोकळ गोल वापरतात. त्यात उजेड भिंतीवरून भिंतीवर इतक्या वेळा परततो की दिव्याचा झोत रुंद आहे की अरुंद याने फरक पडत नाही. घरी एका बंद खोलीत दिवा छताकडे रोखून कोपऱ्यातील लक्स मोजण्याची रीत आहे, परंतु आपल्याकडच्या कौलारू घरांत पांढरे छत नसते आणि जांभ्याच्या भिंती उजेड पिऊन टाकतात. त्यापेक्षा मासळी बर्फात भरून पाठवण्याची थर्माकोलची पेटी उत्तम. बंदरावर ती सहज मिळते, फक्त साबणाने घासून धुवून पूर्ण वाळवून घ्यावी. पेटीच्या आखूड बाजूला दिव्याच्या तोंडाएवढे भोक पाडावे आणि लांब बाजूला, दिव्याच्याच टोकाजवळ, सेन्सरपुरते दुसरे भोक पाडावे. या दोहोंच्या मध्ये आतून थर्माकोलचाच चार बोटे रुंदीचा आडोसा चिकटवावा, म्हणजे दिव्याचा उजेड किंवा त्याचा समोरच्या भिंतीवर पडलेला लख्ख ठिपका सेन्सरला थेट दिसणार नाही. झाकणाच्या फटीवर चिकटपट्टी लावावी.

या पेटीतून येणारा आकडा अजून ल्युमेन नाही, तो केवळ तुलनेचा आकडा आहे. त्याला अर्थ येण्यासाठी ज्ञात उजेडाचा दिवा लागतो, आणि तो प्रत्येक घरात आहे. चांगल्या कंपनीच्या एलईडी बल्बच्या खोक्यावर ल्युमेन छापलेले असतात. लहानसा, ४००–५०० ल्युमेनचा बल्ब पाच मिनिटे बाहेर चालू ठेवून मग त्याचा पांढरा घुमट दिव्याच्या भोकातून आत सरकवावा आणि लगेच वाचन घ्यावे. ४५० ल्युमेनच्या बल्बला १५०० आणि सायकलच्या दिव्याला ११०० असे वाचन आले, तर सायकलच्या दिव्याचे ल्युमेन ४५० × ११०० ÷ १५०० म्हणजे ३३० झाले. बल्बवरचा छापील आकडाही थोडा इकडेतिकडे असू शकतो, म्हणून ३३० ला ३०० ते ३६० समजावे, पण १००० चा दावा खरा की फुगवलेला हे ठरवायला एवढी अचूकता भरपूर झाली. जुना तारेचा बल्ब मात्र या पेटीजवळ आणू नये. तो फार तापतो आणि थर्माकोल पेट घेते.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या शाळेची बरीच मुले सायकलने येतात. मोबाइल न वापरता, मुलांना स्वतःच्या हातांनी करता येईल असा दिव्यांच्या तुलनेचा एखादा प्रयोग सुचवाल का? (एक शिक्षिका, देवगड)

उत्तर : बाई, आपल्या प्रश्नाला फार सुंदर उत्तर आहे आणि ते मोबाइलहून जुने आहे. ज्यांच्या नावाचा बर्नर आपल्या प्रयोगशाळेत असेल त्याच रॉबर्ट बन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८४० च्या दशकात तेलाच्या डागाचा प्रकाशमापक वापरात आणला. त्यासाठी लागतो तो पांढरा कागद आणि खोबरेल तेलाचा एक थेंब.

डोळा उजेडाचे प्रमाण सांगण्यात कच्चा आहे. दिव्याचा उजेड दुप्पट केला तरी आपल्याला तो थोडासाच वाढल्यासारखा वाटतो. पण शेजारी शेजारी असलेले दोन भाग सारखे उजळ आहेत की नाहीत हे ओळखण्यात तोच डोळा अतिशय तरबेज असतो, आणि हा प्रयोग डोळ्याला नेमके तेवढेच काम देतो. कागदाच्या मध्यभागी तेल लावून डाग रुपयाच्या नाण्याएवढा पसरू द्यावा, वरचे तेल टिपून घ्यावे आणि कागद पुठ्ठ्याच्या चौकटीत ताठ बसवावा. थंडीच्या सकाळी तेल गोठलेले असेल तर बाटली कोमट पाण्यात धरावी. तेल शोषलेला भाग उजेड परतवण्याऐवजी पलीकडे जाऊ देतो. त्यामुळे आपल्या बाजूने उजेड जास्त असेल तर डाग काळसर दिसतो, पलीकडून जास्त असेल तर तोच डाग चमकतो, आणि दोन्ही बाजूंनी उजेड सारखा झाला की डाग आजूबाजूच्या कागदात जवळजवळ विरून जातो. मुलांनी चौकट सरकवत हा क्षण स्वतः पकडला की त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

शाळेच्या व्हरांड्यात खिडक्या झाकून दोन दिवे एकमेकांकडे तोंड करून, एकाच उंचीवर, ८–१० मीटर अंतरावर ठेवावेत. मधल्या रेषेवर चौकट पुढे-मागे सरकवून डाग विरण्याची जागा शोधावी आणि तिथून दोन्ही दिव्यांची अंतरे मोजावीत. पहिला दिवा ६ मीटरवर आणि दुसरा ३ मीटरवर असताना डाग विरला, तर पहिल्याच्या झोताचा जोर दुसऱ्याच्या चौपट आहे, कारण अंतरे दुप्पट असली की त्यांचे वर्ग चौपट होतात. कागद थोडा उजेड शोषतो, म्हणून चौकटीच्या डाव्या बाजूने पाहून सापडलेली जागा आणि उजव्या बाजूने पाहून सापडलेली जागा यांत थोडे अंतर पडते. त्यांचा मध्य घ्यावा. एक दिवा पिवळसर आणि दुसरा निळसर पांढरा असेल तर डाग पुरता विरत नाही, तेव्हा तो सर्वांत फिका दिसेल ती जागा धरावी. डोळ्यांसमोर थेट झोत येऊ नये यासाठी दोन्ही दिव्यांमागे उभे राहणाऱ्या मुलांना आधीच बजावून ठेवावे, आणि चौकटीकडे नेहमी बाजूने, तिरक्या नजरेने पाहायला सांगावे.

या प्रयोगाचा मोठा फायदा म्हणजे वर्गाचा व्यस्त नियम पुस्तकातून पाठ न करता मुलांना तो मोजून मिळवता येतो. एकाच दिव्याचे अंतर बदलत गेल्यास चौकटीची जागा कशी सरकते याचा तक्ता त्यांच्याकडूनच करून घ्यावा.

प्रश्न : माझा दिवा पावसाळ्याआधी चांगला होता. आता पूर्ण चार्ज करूनही वीस-पंचवीस मिनिटांत मंद होतो, आणि पावसात तर रस्ता दिसतच नाही. बॅटरी गेली असे समजावे का? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : आपल्या पत्रात तीन वेगळी कारणे एकत्र आली असण्याची शक्यता आहे आणि मोजून ती वेगळी करता येतात. वर सांगितलेल्या पेटीत दिव्याचे फक्त तोंड आत ठेवून, अंग बाहेर राहील अशा बेताने, तो पूर्ण चार्ज करून सुरू करावा आणि दर पाच मिनिटांनी वाचन लिहावे. आधी हे पंख्याशिवाय करावे, आणि दुसऱ्या दिवशी दिव्याच्या अंगावर टेबलफॅनचा वारा सोडून करावे. अनेक दिवे तापले की स्वतःला वाचवण्यासाठी उजेड कमी करतात. पंख्याच्या वाऱ्यात उजेड टिकला तर दोष उष्णतेचा आहे, बॅटरीचा नाही, आणि चालत्या सायकलवर तो तितका जाणवणारही नाही. दोन्ही वेळा उजेड सारखाच उतरला तर बॅटरीची क्षमता घटलेली आहे. येथे हेही लक्षात ठेवावे की ज्या खोक्यावर एफएल-१ मानकाचा उल्लेख असतो त्यावरील तास हे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात, त्यामुळे त्यातला शेवटचा भाग रस्त्यावर फारसा उपयोगाचा नसतो.

दिवा सुट्या सेलवर चालणारा असेल तर तिसरे, खास किनाऱ्यावरचे कारण तपासावे. खारट दमट हवेत सेलच्या पितळी पट्ट्यांवर आणि स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढतो आणि विजेला वाट मिळत नाही. सेल काढून पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासाव्यात, कोरड्या फडक्याने पुसाव्यात आणि व्हॅसलीनचे अगदी पातळ बोट फिरवावे. घासण्याआधीचे आणि नंतरचे वाचन लिहून ठेवावे. फरक आकड्यांत दिसला की हे काम दर महिन्याला करावेसे वाटते. काचेच्या आत वाफ धरली असेल तर ती झोत विसकटते, म्हणून दिवा उघडून कोरड्या तांदळाच्या डब्यात रात्रभर ठेवावा आणि रबरी वॉशर बदलावा.

पावसात रस्ता न दिसण्याचा दिव्याच्या उजेडाशी संबंध कमीच आहे. कोरडे डांबर पडलेला उजेड सगळीकडे विखुरते आणि त्यातला काही आपल्या डोळ्यांकडे परततो, परंतु ओल्या डांबरावर पाण्याचा थर आरशासारखे काम करतो आणि उजेड पुढे निघून जातो. तेव्हा रस्त्यावर लक्स तेवढेच असतात आणि डोळ्यापर्यंत मात्र थोडे पोचतात. कपाळावर बांधायचा दिवा पावसात टाळावा, कारण डोळ्याजवळचे थेंब उजळून पांढरा पडदा तयार होतो. दिवा हँडलच्या खाली, शक्य तर पुढच्या चिमट्यावर, बसवल्यास खड्ड्यांच्या सावल्याही लांब पडून ते आधी कळतात.

प्रश्न : सागरी महामार्गावर समोरून येणाऱ्या सायकलींचे नवे दिवे डोळ्यांवर इतके येतात की रस्त्याची कडाच दिसत नाही. माझा स्वतःचा दिवा इतरांना असाच त्रास देत नाही ना, हे कसे तपासू? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : हा प्रश्न स्वतःच्या दिव्याविषयी विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार. जर्मनीच्या वाहतूक नियमांत सायकलच्या पुढच्या दिव्यासाठी दोन अटी आहेत आणि दोन्ही घरी तपासता येतात. १० मीटरवर झोताच्या सर्वांत प्रखर बिंदूवर किमान १० लक्स हवेत, आणि त्या बिंदूच्या ३.४ अंश वर २ लक्सपेक्षा जास्त नकोत. अंगण लहान असेल तर ५ मीटरवर हेच आकडे ४० आणि ८ लक्स होतात, आणि ३.४ अंश म्हणजे तिथे सुमारे ३० सेंटिमीटर. सायकल भिंतीसमोर ५ मीटरवर स्वतः बसून सरळ धरावी, भिंतीवर प्रखर ठिपक्याचा मध्य खडूने दाखवावा आणि दुसऱ्या कोणाला त्या जागी व त्याच्या ३० सेंटिमीटर वर मोबाइल धरायला सांगावे. ज्या दिव्याचा झोत वरून कापलेला असतो तो या चाचणीत सहज बसतो. साधा गोल झोताचा दिवा क्वचितच बसतो. तसा दिवा असेल तर त्याला खाली झुकवणे हाच उपाय. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि झोताचा मध्य २० मीटर पुढे रस्त्यावर पडायला हवा असेल, तर ५ मीटरवरील भिंतीवर तो मध्य दिव्याच्या उंचीपेक्षा २२ सेंटिमीटर खाली दिसला पाहिजे. अरुंद रस्त्यावर मी एवढे तरी प्रत्येक सायकलस्वाराकडून अपेक्षितो.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या सायकलला टायरवर घासणारा डायनॅमो आहे. त्याचा उजेड मोजता येईल का? आणि मागच्या लाल दिव्याचे काय? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : डायनॅमोचा उजेड वेगावर अवलंबून असतो, म्हणून वेग ठरवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. असे डायनॅमो सहसा ६ व्होल्ट, ३ वॉटचे असतात. डायनॅमो मागच्या चाकावर असेल तर सायकल स्टँडवर लावून पेडल हाताने फिरवावे, पुढच्या चाकावर असेल तर कोणीतरी हँडल उचलून धरावे आणि चाक हाताने फिरवावे. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर असतो, त्यामुळे टायरवरची खडूची खूण १० सेकंदांत १९ वेळा वर आली की वेग ताशी १५ किलोमीटर झाला. त्या वेगाला पहिल्या उत्तराप्रमाणे झोताचे वाचन घ्यावे. आकडा हलत राहतो, कारण डायनॅमोची वीज दिशा बदलणारी असते. सरासरी धरावी. तारेच्या बल्बऐवजी डायनॅमोसाठीच बनवलेला एलईडी दिवा बसवल्यास तेवढ्याच श्रमात काही पटींनी उजेड मिळतो. पावसात रबरी टायर ओला झाला की डायनॅमोचे चाक घसरते, तेव्हा त्याचा दाब वाढवून पाहावा.

लाल दिव्यासाठी मोबाइलच्या लक्सवर विसंबू नये. स्वस्त सेन्सर लाल रंगाला मानवी डोळ्यासारखे मोजत नाहीत, म्हणून लाल दिव्याची तुलना लाल दिव्याशीच, त्याच मोबाइलने आणि स्थिर पेटवून करावी. लुकलुकणारा प्रकार मोजू नये. मागच्या दिव्याची खरी परीक्षा अशी आहे : रात्री घरातल्या कोणालातरी नेहमीच्या सामानासह सायकलवर बसवून सरळ रस्त्यावर १०० मीटर पुढे न्यावे आणि आपण मागून पाहावे, मग रस्त्याच्या दोन्ही कडांवरून तिरके पाहावे. कॅरिअरवरची पिशवी किंवा लोंबणारा रेनकोट दिवा झाकत असेल तर ते तिथेच कळेल, आणि दिवा मडगार्डवर खाली हलवावा लागेल.